बांधावरची विचारपूस : बोरीचा वास, सावरीचे काटे

आबा, आमच्या बांधावर जुनी बोर आहे. दरवर्षी गणपती उठले की तिला असा कुबट वास सुटतो की सावलीला बसून भाकर खाववत नाही. माशा नुसत्या घोंघावतात. घरचे म्हणतात, रोग पडलाय, कपाशीचा पंप हिच्यावरही फिरवू. फिरवावा का?
– एक गृहिणी, पारोळा

नका हो ताई, हात जोडतो. तो रोग नाही, तो बोरीचा मोहोर आहे. आंब्याच्या मोहोराचं आपण कौतुक करतो, बोरीचा कुणाला दिसतही नाही. एक डहाळी खाली ओढून बघा. काटा जपून, कारण जोडीतला एक सरळ असतो आणि दुसरा आकड्यासारखा वळलेला. सरळ चुकवला की वाकडा धरतो. पानाच्या बेचक्यात हिरवट-पिवळ्या फुलांचे घोस दिसतील, एकेक फूल ज्वारीच्या दाण्याएवढं. पाच टोकं, मध्ये एक चपटी चकती, आणि तिच्यावर मधाचा ओलावा उन्हात चकाकतो. तो वास माशांसाठी आहे, तुमच्या-माझ्यासाठी नाही. माशा, गांधीलमाश्या, मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर बसतात तेव्हा कुठे फळ धरतं. भादव्या-अश्विनात पंप फिरवलात तर संक्रांतीला सुगडात घालायला बोरं बाजारातून आणावी लागतील.

औषधाचं म्हणाल, तर बोरीची खरी खोड वेगळी आहे. फळात जी अळी निघते, ती फळमाशीची. पोसली की फळातून बाहेर पडते आणि खाली मातीत जाऊन कोष करते. म्हणून किडकी, गळलेली बोरं झाडाखाली सडू देऊ नका. रोज वेचून खोल खड्ड्यात पुरा. उन्हाळ्यात बुंध्याभोवतीची माती हलवून वरखाली केली की कोष उघडे पडतात आणि आपलं खान्देशी ऊन पुढचं काम करतं. छाटणीही चैत्र-वैशाखात, झाड पाला टाकून बसलेलं असतं तेव्हा. बोरीला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे शेळ्यांसाठी फांद्या तोडायच्याच असतील तर त्याच दिवसांत तोडा, पावसाळ्यात नको.

जळगावच्या मेहरूणच्या बोरांचं नाव सगळीकडे आहे, पण बांधावरच्या आंबट-तुरट गावठी बोराचं बोरकूट होतं तसं त्या मोठ्या बोरांचं होत नाही. हे माझं मत. मेहरूणवाल्यांनी रागवू नये.

काटेसावर, पांगारा आणि पळस एकाच वेळी लाल दिसतात. लांबून ओळखायचे कसे? सरांनी वहीत नोंद करायला सांगितली आहे.
– इयत्ता नववीतला विद्यार्थी, शहादा

लांबून ओळखायचा नादच सोड, बुंध्यापाशी जा. तुमच्याकडे तर सातपुडा दारात आहे.

सावरीच्या, विशेषतः तरण्या झाडाच्या, खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात. फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या जातात. फूल हाताच्या पंजात मावेल एवढं, पाच मांसल पाकळ्यांचं, आणि पडतं तेव्हा धप्प आवाज येतो. तिघांत पहिली फुलते ती बहुतेक हीच. चैत्र-वैशाखात बोंडं तडकून कापूस उडायला लागला की दुसरी नोंद कर.

पांगाऱ्यालाही काटे असतात, पण बारीक. पानं तीन-तीनची. आता तू म्हणशील, पळसाला पाने तीनच! बरोबर, म्हणूनच पानावर जाऊ नकोस. शिवाय फुलतात तेव्हा दोघंही बहुधा निष्पर्ण असतात. पळसाला काटे नाहीत, खोड वेडंवाकडं. एक कळी तोडून बोटांत धर. देठ आणि खालचा पेला काळपट, मऊ लव असलेला, आणि त्यातून केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकून बाहेर येते. ती लव अंगठ्याने चोळून बघ, मग परत चुकणार नाहीस. होळीला याच फुलांचं पाणी उकळून रंग करतात, ते घरी करून बघ. फक्त खाली पडलेलीच वेच. झाडावरची साळुंक्या, बुलबुल आणि शिंजीर यांची.

कुठे पिवळा पळस दिसला तर वहीत जरूर लिही. तो दुर्मीळ असतो, पण नैसर्गिकच. त्याच्याखाली धन पुरलेलं असतं असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला कुदळ द्यायची नाही, एवढं पाळ.

शहरात वाढलेली नातवंडं सुट्टीत येतात आणि कुंपणाचं दिसेल ते तोंडात घालतात. काय खाऊ द्यावं?
– एक आजोबा, अमळनेर

बोरं, जांभळं, शिंदीची पिकलेली फळं खुशाल खाऊ द्या. विलायती चिंच तर उन्हाळ्यात कुंपणाकुंपणाला असते. शेंग वेटोळी होऊन गुलाबी पडली आणि फुटली की आतला पांढरा-गुलाबी गर खायचा, काळी बी थुंकायची. पोपटांच्या आधी उठलात तरच मिळेल. नाव विलायती असलं तरी झाड अमेरिकेतलं आहे.

आता धाक कशाचा घालायचा ते ऐका. पहिली चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून आपण ती कुंपणाला लावतो, आणि तिच्या काळ्या बिया मुलांना शेंगदाण्यासारख्या लागतात. पोरं एकत्र बसून मूठ-मूठभर खातात आणि तासा-दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसरी गुंज. लाल-काळी, दिसायला लाडकी, पण चावली तर जिवावर बेतते. धोत्र्याचं काटेरी फळ आणि एरंडीची बी या यादीत आहेतच. घाणेरीची हिरवी फळंही नकोत.

कुणी खाल्लंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचे गावठी उपाय करू नका. सरळ दवाखान्यात न्या, आणि जे खाल्लं त्याची पाना-फळासकट फांदी सोबत न्या. डॉक्टरांना 'कसलंतरी फळ' सांगून काही उपयोग होत नाही.

बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, हे खरं का?
– एक शेतकरी, चोपडा

बहावा उन्हाळ्यात फुलतो आणि पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, तेव्हा हिशेब बऱ्याचदा जुळणारच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधताना पिवळे घोस लोंबलेले दिसले की मलाही बरं वाटतं, पण त्यावर मी बियाण्याची पिशवी फोडत नाही. कोरडवाहू कपाशी असेल तर हातभर खोल माती उकरून ओल बघा आणि मगच लावगड करा. बहाव्याला विचारून केलेल्या दुबार पेरणीचे पैसे बहावा देत नाही.