देव जाणवत नाही, म्हणजे माझंच काही चुकतंय का?

"प्रार्थना नेमाने करते. पण समोर कुणी आहे असं एकदाही वाटत नाही. बाकीच्यांना वाटतं, मग मलाच का नाही?"

विचारणाऱ्या बाई चाळिशी ओलांडलेल्या. नोकरी सांभाळून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी समुपदेशक आहे; हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्यात देवाविषयीची शंका थोडी आणि स्वतःविषयीची जास्त असते.

अशा वेळी मी देवाचा विषय आधी बाजूला ठेवते. झोप लागते का, भूक कशी आहे, पूर्वी आवडायचं त्यात आता मन रमतं का, हे विचारते. दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळपास रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. मग प्रार्थनाही कोरडीच वाटणार. तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो. अशा माणसाला "तुमची भक्ती कमी पडते" असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बाईंचं तसं नव्हतं. थकवा होता, झोप अपुरी होती, पण हसू शाबूत होतं. मी विचारलं, "देव जाणवला, असं तुम्ही कशाला म्हणाल?"

त्या अडखळल्या. अंगावर काटा यावा, डोळे भरून यावेत, निदान एखादा संकेत मिळावा. संकेतांचा तर त्यांना नादच लागला होता. दवाखान्यात जाताना सिग्नल हिरवा मिळाला की सासूबाईंचा रिपोर्ट चांगला येणार, लाल मिळाला की दिवसभर धाकधूक. संकेत शोधणाऱ्या मनाला ते सापडतातच. जुळलेले लक्षात राहतात, न जुळलेले विसरून जातात. आणि एखाद्या दिवशी काहीच मिळालं नाही, तर देव रुसला असं वाटू लागतं.

मी त्यांना मदर तेरेसांविषयी सांगितलं. त्या 1997 मध्ये गेल्या. 2007 मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की, मधला थोडा काळ सोडला तर, जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. काम मात्र रोज चालू होतं. आपल्या तुकोबांनीही विठ्ठल भेटत नाही म्हणून त्याच्याशी थोडं का भांडण केलं! बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी एकटी नाही."

सोळाव्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी एक साधना घालून दिली होती: सरलेल्या दिवसाकडे देवासमोर बसून मागे वळून बघायचं. ती कुठल्याही श्रद्धेच्या माणसाला जमते. मी तिचे दोनच प्रश्न केले. आज न मागता काय मिळालं? आज मी कुठे मऊ झाले, कुठे ताठ?

सुरुवातीला त्यांनी ऑफिसचा अहवाल लिहावा तसं लिहून आणलं. मग एकदा हे आलं: सासूबाईंची कूस बदलताना त्या वैतागल्या, हात जरा जोरातच ओढला गेला. थोड्या वेळाने उशी सारखी करायला त्या वाकल्या, तर सासूबाईंनी थरथरत्या बोटांनी त्यांच्या डोळ्यांवर आलेली बट मागे सारली.

"तेव्हा मी प्रार्थना करत नव्हते, ताई. पण राग उतरला. मी उतरवला नाही, तो आपोआपच उतरला. हा देव होता का?"

ते ठरवणं माझ्या अखत्यारीत नाही, आणि ठरवून देणाऱ्या समुपदेशकापासून लांबच राहावं. मी उलट विचारलं, त्यांना काय वाटतं?

"माहीत नाही. आभार मानावेसे वाटले. सासूबाईंचे मानून झाले, तरी थोडे उरलेच होते."

हे मनाचे खेळ नसतील कशावरून, असंही त्यांनी नंतर विचारलं. मी एवढंच बघते: त्या अनुभवाने माणूस इतरांच्या जवळ जातो की तुटतो, भीती वाढते की उतरते. सिग्नलने त्यांची झोप उडवली होती. त्या बटेने त्या सासूबाईंजवळ पाच मिनिटं जास्त बसल्या.

फार थकलेल्या रात्री वही उघडायची नाही, सरळ झोपायचं, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. सिग्नल अजून सुटलेले नाहीत. रिपोर्टच्या दिवशी त्या आता रिक्षात बसतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात.