‘अबोर्ड’च्या आधी ‘ऑन’ का लागत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. अर्जात तुम्ही ‘माय ब्रदर इज ऑन अबोर्ड अ शिप’ असं लिहिलंत, सरांनी त्यातला ‘ऑन’ खोडला आणि कारण काही सांगितलं नाही. मग ‘अबोर्ड’च्या आधी ऑन, इन, टू यातलं लावायचं तरी काय?

काहीच नाही. सरांनी खोडलं ते बरोबर खोडलं. पण कारण कळायला हवं, नाहीतर पुढच्या अर्जात ‘ऑन’ जाईल आणि त्याच्या जागी ‘टू’ येऊन बसेल. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला मी, पण १४ वर्षं जहाजांच्या डेकवर काढली. हा शब्द तिथे रोज कानावर पडायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किल्ली आपल्या मराठीतच आहे. आपण ‘घरी गेलो’ म्हणतो. ‘घरीला गेलो’ कोणी म्हणत नाही, कारण ‘घरी’मधल्या त्या ‘ई’नेच सगळं काम केलेलं असतं. ‘अबोर्ड’मध्ये हेच काम पुढचा ‘अ’ करतो. त्या ‘अ’चा अर्थच ‘वर’. ‘बोर्ड’ म्हणजे फळी, आणि त्यावरून जहाजाची कड, जहाजाची बाजू. शब्दाच्या पोटातच ‘वर’ असताना आधी आणखी ‘ऑन’ लावला की ‘जहाजावरवर’ असं होतं. ‘अशोअर’ म्हणजे किनाऱ्यावर, ‘अग्राउंड’ म्हणजे तळाला टेकलेलं जहाज, ही सगळी एकाच घरातली भावंडं. ‘वुई वेंट अशोअर’ म्हणायचं, ‘वुई वेंट टू अशोअर’ नाही.

बंदर जवळ आलं की वाट दाखवायला तिथला पायलट येतो. तो छोट्या बोटीतून येतो आणि आम्ही बाजूने दोरांची, लाकडी पायऱ्यांची शिडी सोडून ठेवलेली असते. चढायचं अंतर ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर शिडीला तिरक्या जिन्याची जोड द्यावी लागते. शेजारी लाइफबॉय (पाण्यात पडलेल्याला फेकायचं तरंगतं कडं) आणि दिवा तयार असतो. खाली बोट लाटेबरोबर वरखाली होत असते; बोट लाटेच्या माथ्यावर आली की पायलट शिडी पकडतो. तो चढत असेपर्यंत कोणी काही बोलत नाही. त्याचा पाय डेकवर टेकला की अधिकारी वॉकीटॉकीवर दोनच शब्द सांगतो, ‘पायलट अबोर्ड’. मग वर अर्धा पांढरा, अर्धा लाल असा ‘एच’ झेंडा चढतो; त्याचा अर्थ ‘माझ्या जहाजावर पायलट आहे’. शिडीवर असलेला माणूस ‘अबोर्ड’ नसतो. कड ओलांडून आत आला की मगच. शब्दाचा खरा अर्थ मला त्या शिडीपाशी कळला.

आता तुमच्या वाक्यात ‘अबोर्ड’च्या पुढे ‘अ शिप’ आहे, ते चालतं का? चालतं. इथे ‘घरी’ सोडा आणि ‘शेजारी’ आठवा. ‘तो शेजारी बसला’ यात शब्द एकटा उभा आहे, म्हणून क्रियाविशेषण. ‘देवळाशेजारी बसला’ यात तोच शब्द नामाला जोडला, म्हणून शब्दयोगी. ‘अबोर्ड’ला दोन्ही जमतं: ‘ही वेंट अबोर्ड’ आणि ‘ही वेंट अबोर्ड द शिप’. मात्र ‘अशोअर’ आणि ‘ओव्हरबोर्ड’ कायम एकटेच राहतात. माणूस पाण्यात पडला तर ‘ही फेल ओव्हरबोर्ड’ एवढंच. पुढे ‘द शिप’ जोडायचं नाही. आणि ‘अबोर्ड’ नामाच्या आधी विशेषणासारखा बसत नाही. ‘अबोर्ड पॅसेंजर्स’ चूक, ‘पॅसेंजर्स अबोर्ड’ बरोबर.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘अब्रॉड’शी, आणि त्याचा त्रास मी स्वतः भोगलाय. एकदा आमचं जहाज कांडल्याबाहेर नांगर टाकून उभं होतं. घरी बँकेचा एक फॉर्म भरायचा होता, त्यात मिसेसनी लिहिलं, ‘हजबंड इज करंटली अबोर्ड’. शब्द अगदी योग्य होता. काउंटरवरच्या माणसाला ती स्पेलिंगची चूक वाटली, त्याने ‘अब्रॉड’ करून टाकलं. मी तेव्हा भारतातच होतो! पुढे कागद जुळेनात, आणि लहान मुलीला कडेवर घेऊन तिला उन्हातान्हात दोन खेपा जास्त माराव्या लागल्या. एक ‘आर’ इकडचा तिकडे झाला की माणूस देशाबाहेर जातो.

हे लक्षात ठेवायला सोलापूरकरांना सोपी खूण आहे. ‘अब्रॉड’मधला ‘ब्रॉड’ म्हणजे आपल्या ब्रॉडगेजमधलाच, रुंद. कुर्डुवाडीवरून जाणारी जुनी बार्शी लाइट रेल्वे नॅरोगेज होती, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर; ब्रॉडगेजमध्ये ते साडेपाच फुटांचं. रुंद जगात बाहेर पडला तो ‘अब्रॉड’, फळीवर चढला तो ‘अबोर्ड’. आणि ‘अब्रॉड’लाही ‘टू’ लागत नाही. ‘परदेशी गेला’ म्हणतो ना आपण? ‘परदेशीला’ नाही. ‘गो टू अब्रॉड’ हे आपल्याकडे इतक्या अर्जांत दिसतं की वाचताना मला वाईट वाटतं, कारण हुशार पोरांचे अर्ज तिथेच अडतात.

हा शब्द जहाजापुरता नाही. रेल्वे, विमान, बस, सगळ्यांना चालतो. ‘वुई वेअर अबोर्ड द सिद्धेश्वर एक्स्प्रेस’ हे उत्तम वाक्य आहे. कार, रिक्षा यांना मात्र ‘इन’. पंढरपुरात चंद्रभागेच्या होडीत बसलात तरी ‘इन अ बोट’च कानाला बरं लागतं, आत उभं राहून चार पावलं टाकता येत असतील तर ‘अबोर्ड’ शोभतो, असा माझा ठोकताळा. ‘बोर्ड’ हे क्रियापद असेल तेव्हाही ‘बोर्ड द ट्रेन’, मध्ये ‘इन’ नको.

‘ऑन बोर्ड’ सुटं लिहिलंत तर त्याचा अर्थ ‘अबोर्ड’च, फक्त दोन्ही एकदम नकोत. जोडून लिहिलेलं ‘ऑनबोर्ड’ नामाच्या आधी येतं, जसं ‘ऑनबोर्ड ट्रेनिंग’.

तर अर्जात लिहा: ‘माय ब्रदर इज अबोर्ड अ कार्गो शिप.’ आणि पाठवण्याआधी भावाला फोन करून जहाज कुठे आहे ते विचारा. मुंबईच्या बंदरात उभं असेल, तर ‘अब्रॉड’ हा शब्द त्या कागदावर कुठेही येऊ देऊ नका.