'ऑनलाइन मतदान', 'सार्वमत' की 'जनकौल'?

प्रश्न असा आला आहे: एखादा कायदा व्हावा की नाही, यावर आमदार-खासदारांऐवजी नागरिकांनीच मोबाइलवरून थेट मत द्यायचे, या पद्धतीला मराठीत 'ऑनलाइन मतदान' म्हणावे की 'सार्वमत'?

'ऑनलाइन मतदान' या शब्दातून मत कसे द्यायचे ते कळते. कशावर द्यायचे ते कळत नाही. एस्टोनियात २००५ पासून निवडणुकांत इंटरनेटवरून मत देता येते, पण लोक घरबसल्या निवडतात ते उमेदवारच. उलट स्वित्झर्लंडचे नागरिक वर्षातून तीन-चारदा घटनादुरुस्त्यांवर आणि कायद्यांवर स्वतः निर्णय देतात, आणि तेही बहुतेक पोस्टाने. मत देण्याचे साधन एक, निर्णयाचा अधिकार दुसरा. प्रश्नकर्त्याला जे म्हणायचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, तेव्हा नावही तिच्यावरूनच हवे.

'सार्वमत' रुळलेला शब्द आहे, चूक मुळीच नाही. तरी मला तो खटकतो. त्यातल्या 'सार्व'मुळे सगळ्यांचे एकच मत पडल्याचा भास होतो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांना विचारले होते की महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. विलीनीकरणाची खूण फूल, विरोधाची दोन पाने. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. अशा दुभंगलेल्या निकालाला 'सार्व' कसे म्हणावे? गोव्यात त्याला 'जनमत कौल' म्हणतात, आणि मला तोच शब्द, थोडक्यात 'जनकौल', नेमका वाटतो.

'कौल' मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. अर्थ बोल, वचन. जुन्या कागदपत्रांतला 'कौलनामा' म्हणजे रयतेला दिलेले लेखी आश्वासन. (छपरावरचे कौल वेगळे, त्याचा इथे संबंध नाही.) कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारायचा आणि कोणती बाजू पडते याची वाट पाहायची. आधी प्रश्न नीट मांडावा लागतो, आणि मिळालेले उत्तर मानावे लागते. थेट लोकशाहीत हेच दोन्ही गुण हवेत. म्हणून वर्तमानपत्रे प्रत्येक निवडणूक निकालाला 'मतदारांचा कौल' म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते. तिथे माणूस निवडलेला असतो, नेमका प्रश्न विचारलेलाच नसतो.

महाराष्ट्रातल्या बायकांनी हा फरक केव्हाच ओळखला आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे का, यावर त्या मत देतात: उभी बाटली की आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो, म्हणजे घरी बसलेलीचे मत आपोआप उभ्या बाटलीकडे जाते. 'बाटली आडवी केली' हा प्रयोग त्यातूनच बोलीत आला. हा खरा जनकौल.

तेव्हा वाक्य असे लिहा: 'या विधेयकावर ऑनलाइन जनकौल घ्यावा.' 'जनमत चाचणी' मात्र लिहू नका. तिच्यात काही निवडक लोकांना विचारतात आणि उत्तर कोणावरच बंधनकारक नसते.

एक शब्द मात्र आणखी लागेल. स्वित्झर्लंडमध्ये १८ महिन्यांत १,००,००० सह्या जमल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव नागरिकच मांडू शकतात. तिथे प्रश्नही लोकांचा आणि उत्तरही. त्यासाठी मी 'जनप्रस्ताव' सुचवेन.