सुलट-उलट : विणकामाचे प्रश्न, वाचकांचे

ताई, यूट्यूबवर बघून नवऱ्यासाठी पहिलाच स्वेटर विणला. पॅटर्नमध्ये होते तेवढेच टाके घातले, सुई पण तीच, 4 एमएमची. झाला असा की त्यात हे आणि माझे सासरे दोघं एकदम मावतील. दोन महिने घालवलेत हो! उसवू का? (घोडबंदर रोड, ठाणे)

आधी सासऱ्यांना घालून बघा, बसला तर प्रश्नच मिटला :) नाहीतर उसवा. तुमचं काही चुकलं नाहीये, फक्त तुमचा हात सैल आहे आणि पॅटर्न लिहिणारीचा घट्ट होता, आणि हे सुई हातात घेण्याआधी कळायचा एकच मार्ग म्हणजे नमुन्याचा चौकोन, जो आपण सगळ्याच कंटाळा करून टाळतो (मी पण टाळलाय, माझ्याकडे एक पिवळा स्वेटर आहे, आता उशीला घातलाय).

हिशोब बघा. पॅटर्नमध्ये 4 इंचाला 22 टाके धरलेत, म्हणजे इंचाला साडेपाच. 38 इंच घेरासाठी झाले 209. तुमच्या हाताने 4 इंचात समजा 20 च टाके बसले, म्हणजे इंचाला 5, तर तेच 209 टाके जवळजवळ 42 इंच होतात. दोनच टाक्यांचा फरक आणि स्वेटर चार इंच ढगळ! म्हणून पुढच्या वेळी 6 इंचाचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मधले 4 इंच मोजायचे, कडेचे टाके नाही मोजायचे कारण कडा नेहमी खोटं बोलतात. टाके कमी भरले तर एक नंबर बारीक सुई घ्या. जांभळी नाक्याला किंवा गोखले रोडला सुया जुन्या नंबरावर मागितल्यात तर एवढं ध्यानात ठेवा की नंबर वाढला की सुई बारीक होते, 8 नंबर म्हणजे 4 एमएम आणि 10 नंबर म्हणजे सव्वातीन. मोठा नंबर मागून जाडी सुई घरी आणायला निघालेल्या बायका मी बघितल्यात.

उसवताना आधी शिवण काढा, मग जिथे टाके बंद केलेत तिथून ओढा. सुरुवातीच्या टाक्यांकडून ओढलं तर पाच मिनिटांत गुंता होतो आणि मग घरात कोणाशी तरी भांडण. निघालेली लोकर मॅगीसारखी कुरळी दिसेल, तिचा लगेच गुंडा करू नका. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून टॉवेलमध्ये दाबून घ्या आणि टांगून वाळवा. खरी लोकर असेल तर छान सरळ होते. फक्त हे जुलैत करू नका, आपल्याकडे तेव्हा रुमाल पण वाळत नाही.

मोजे विणतेय, 60 टाके, पाच सुयांवर. टाचेपर्यंत मस्त जातं, पण टाच वळवल्यावर दोन्ही बाजूंना कोपऱ्यात भोक पडतंच. आणि दुसरा प्रश्न, ठाण्या-मुंबईच्या हवेत लोकरीचे मोजे म्हणजे वेडेपणा आहे का? (कोपरखैरणे)

भोक सगळ्यांचंच पडतं. तुमच्या 60 तले 30 टाके टाचेला गेले, त्यावर 30 ओळी, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलायचा, म्हणजे कडेला 15 साखळ्या तयार होतात. टाच वळवून झाली की त्या साखळ्यांमधून 15 टाके उचलायचे असतात ना, तिथे 16 उचला. सोळावा साखळीत नाही, बरोबर कोपऱ्यात, टाच आणि पायाचा वरचा भाग जिथे वेगळे झालेत त्या खाचेतून. पुढच्या फेरीत तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणून टाका. तरीही भोक राहिलं तर तो टाका मागच्या बाजूने सुई घालून पिळून विणा. आणि एका सुईवरून दुसरीवर जाताना शिडीसारखी रेघ पडत असेल तर नव्या सुईचा दुसरा टाका विणताना धागा जरा ओढून घ्या, पहिला नव्हे, पहिल्याला ओढून काही उपयोग होत नाही.

आता वेडेपणाचं. दुकानात स्वस्तात मिळते ती लोकर बहुतेक कृत्रिम अ‍ॅक्रेलिक, घाम शोषत नाही, आपल्या हवेत दुपारपर्यंत पाय ओले. नुसतं सुती घेतलं तर घाम जिरतो पण ताण नाही, दोनदा घातलं की मोजा घसरून बुटात जातो. मोज्यासाठी लोकर आणि नायलॉनचा मिक्स धागा येतो, साधारण तीन भाग लोकर एक भाग नायलॉन, तो घ्या, आणि पायाच्या घेरापेक्षा इंचभर कमी विणा, 9 इंच पाय तर 8 इंच मोजा. ऐरोलीच्या ऑफिसात एसी 20 वर ठेवून बसणाऱ्या तुमच्या मैत्रिणी पहिला जोड मागून नेतील बघा.

मी 63 वर्षांचा, रिटायर्ड. बायकोकडून सुलट-उलट शिकलो. ठाण्याहून लोकलने नेरूळला मुलीकडे जाताना विणावंसं वाटतं पण लोक टक लावून बघतात. काय करावं? (नौपाडा)

काका, बघू देत की! पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात टकीले नावाचं बेट आहे, तिथे सुयांवर विणणं हे पुरुषांचंच काम, मुलगे लहानपणी शिकतात, आणि त्या बेटाच्या कापडकलेला युनेस्कोने 2005 मध्ये मान दिलाय. शेजारच्या सीटवरच्याला हे सांगा, तो मोबाइल तरी खाली ठेवेल.

फक्त लांब सरळ सुया नका नेऊ, शेजाऱ्याच्या बरगडीत जातात. वायरने जोडलेली गोल सुई घ्या, 24 इंची, उतरताना टाके मधल्या वायरवर ढकलले की सुटत नाहीत. आणि गाडीत डिझाइन नको, नुसतं सुलट. नक्षी मोजत बसलात तर नेरूळ निघून जाईल आणि तुम्ही बेलापूरला.

नातीसाठी बुटू विणलेत, आतून काही बघायचं असतं का? (खारघर)

हो, उलटे करून बघा. आत लोंबणारा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळून रक्त अडू शकतं. टोकं शिवून घ्या आणि बुटू काढल्यावर दर वेळी बोटं बघा. आणि हो, अ‍ॅक्रेलिकचे असतील तर इस्त्री अजिबात नको, फुगीरपणा जातो तो परत येत नाही.