मंत्रजप आणि ध्यानाने स्वतःमधला देव खरंच ओळखता येतो का?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी डोळे मिटून 'अहं ब्रह्मास्मि' म्हणता, काही महिने झाले, पण आतून काहीच हलत नाही. उलट आपण खोटं बोलतोय असं वाटतं. मंत्र चुकतोय का?

मंत्र ठीक आहे, घोकणं जरा बाजूला ठेवा. हे वाक्य बृहदारण्यक उपनिषदातलं (1.4.10). तिथे कुणाला जप करायला सांगितलेलं नाही. ब्रह्माने स्वतःला 'मी ब्रह्म आहे' असं जाणलं आणि ते सर्व झालं, असं ते सांगणं आहे. म्हणजे उद्गार ओळख पटल्यावरचा. आपण तो आधीच म्हणतो, आणि तोही मंगळवार पेठेत राहणाऱ्या, हप्ता थकलेल्या, भावाशी अबोला धरलेल्या 'मी'ला चिकटवून. खोटं वाटणारच की! तुम्हाला ते जाणवतंय हे चांगलं लक्षण आहे. ज्यांना जाणवत नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आम्ही कोल्हापूरकर कणेरी मठावर जातो ते बहुतेक वेळा पाहुण्यांना म्युझियम दाखवायला. पुतळे बघायचे, फोटो काढायचे आणि परत यायचं. पण त्याच मठाचे मुप्पीन काडसिद्धेश्वर महाराज हे सिद्धरामेश्वर महाराजांचे (1888–1936) शिष्य, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या गुरु-शिष्यांच्या इंचगिरी परंपरेत सर्वांत सरळ सापडलं. सिद्धरामेश्वर दोन वाटा सांगत. नामस्मरण आणि दीर्घ ध्यान हा पिपीलिका मार्ग, मुंगीचा. विवेकाने थेट स्वरूपाकडे जाणं हा विहंगम मार्ग, पक्ष्याचा.

विवेक करायचा तो असा. 'मी' कुठे सापडतो ते एकेक देह तपासत बघायचं. स्थूल देह दिसतो, म्हणजे बघणारा त्याहून वेगळा. सूक्ष्म देहात मन, बुद्धी, इंद्रियं येतात. आत्ता राग आला हे कळतं, म्हणजे कळणारा रागाहून वेगळा. तिसरा 'कारण' नावाचा देह, म्हणजे नुसती विस्मृती, काहीच न कळणं. इथे माणूस हमखास अडकतो. 'काहीच नाही' म्हणून उठून जातो. पण 'काहीच नाही' हे तरी कुणाला कळलं? ते कळणं, 'मी आहे' एवढीच निखळ जाणीव, हा महाकारण देह. आणि तिथेही थांबायचं नाही. 'मी ब्रह्म' हा अभिमानसुद्धा शेवटी सोडायचा असतो. तुम्ही त्या शेवटच्या पायरीचं वाक्य पहिल्या पायरीवर उभं राहून म्हणताय.

माझं मत विचाराल तर दोन्ही वाटा धरा. जपाशिवाय नुसता विवेक केला की त्याचा वाद होतो; आमच्याकडे कट्ट्यावर ब्रह्मावर तासभर बोलणारे आणि पार्किंगवरून गळपट धरणारे एकच लोक असतात.

जपासाठी 'सोऽहं' घ्या, म्हणजे 'तो मीच'. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हं' असं नुसतं ऐकायचं. योगग्रंथ दिवसरात्रीचे 21,600 श्वास धरतात, म्हणजे मिनिटाला पंधरा, आणि हा जप आपोआप चाललेला आहे म्हणून त्याला अजपा म्हणतात. तुम्ही त्यात भर घालत नाही, फक्त लक्ष देता. सुरुवातीला वीस मिनिटं पुष्कळ झाली. पतंजली योगसूत्रांत जपाबरोबर अर्थाची भावना, म्हणजे अर्थ मनात धरणं, सांगतात (1.28), तेव्हा मधेच थांबून 'हे ऐकतंय कोण?' एवढं विचारा. उत्तर शब्दांत द्यायचं नाही.

प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, अंगावर काटा आला, तर येऊ द्या आणि जाऊ द्या. जे दिसतं ते बघणाऱ्याहून वेगळं, हा नियम तिथेही लागू. मात्र झोप उडाली, भीती बसली किंवा आवाज आज्ञा देऊ लागले तर ध्यान बंद करून डॉक्टरांकडे जा. ती साधनेतली प्रगती समजू नका.

मग ओळख पटतेय हे कळायचं कशावरून? मी घरच्यांवरून बघतो. अपमान झाल्यावर किती वेळ धुमसत राहतो, हे बायकोला माझ्यापेक्षा आधी कळतं. अंबाबाईच्या दर्शनरांगेत एक आज्जी म्हणाल्या होत्या, ''आत द्येव हाय तर हितं कशाला हुबा ऱ्हायलास, बाळा?'' मी काहीतरी पुस्तकी बोललो. त्या म्हणाल्या, ''तिच्यात दिसंल तवा तुझ्यातबी दिसंल.'' किरणोत्सवात मावळतीची किरणं देवीवर पडतात, तीसुद्धा आधी चरणांवरच येतात, असंही त्या वर बोलल्या.

एक गोष्ट लपवत नाही: आपण आणि देव एकच, हे सगळी हिंदू परंपरा मानत नाही. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात जीव आणि ईश्वर कायमचे वेगळे. तिथे 'मी ब्रह्म' म्हणणं हा उद्धटपणाच. तुमच्या घरची उपासना तशी असेल, तर आईशी भांडून सोऽहं करू नका, नाम घ्या.

किती दिवस लागतील म्हणालात. निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचं दुकान चालवायचे, 1933 मध्ये सिद्धरामेश्वरांना भेटले आणि 'मी आहे' ही जाणीव धरून साधारण तीन वर्षांत पोहोचले असं सांगतात. त्यावरून आपलं वेळापत्रक मात्र लावू नका. सोऽहंसाठी दीक्षा नसली तरी बसता येतं. दीक्षा हवीच असेल तर आधी वर्षभर त्या माणसाचं वागणं बघा, आणि पहिल्याच भेटीत पैशाचा आकडा निघाला तर चप्पल घालून घरी या.