लंगड्या काळीला व्हॅनमध्ये द्यावं का?

प्रश्न: आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली भटकी कुत्री, काळी, लंगडतेय. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची व्हॅन बोलावली तर शेजारच्या काकू म्हणाल्या, देऊ नका, तिकडे इंजेक्शन देऊन मारतात. खरंय का हो?

उत्तर: काकूंनी बहुतेक अमेरिकेचं ऐकलंय. पेटा या प्राणी हक्क संघटनेच्या व्हर्जिनियातल्या शेल्टरमध्ये आलेल्या बहुतेक प्राण्यांना मारलं जातं, त्यांनीच सरकारला दिलेल्या आकड्यांत ते दिसतं, आता ते म्हणतात की कोणी घेत नाही अशीच आजारी, म्हातारी आमच्याकडे येतात, असतीलही, पण जगाला दया शिकवणाऱ्यांकडून हे ऐकायला जड जातं. आपल्याकडे २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) नियमांत बरं न होणारं आजारपण किंवा जीवघेणी जखम असेल तरच मारायची परवानगी, नुसतं लंगडणं त्यात बसत नाही. नसबंदी केली तरी उचललं तिथेच परत सोडायचं असतं. द्या बिनधास्त, फक्त फोटो काढून ठेवा आणि दोन दिवसांनी स्वतः जाऊन बघून या.