मावशी येणार म्हणून आवरलेले घर

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या तोंडून एक तक्रार मी वारंवार ऐकते, आणि ती दोन विरुद्ध टोकांकडून येते. एका बाजूला वाचनाची आणि गाण्याची मनापासून आवड असलेले निवृत्त आईवडील असतात. सुनेच्या मालिका, जावयाच्या घरच्या हळदीतला डीजे किंवा नातवाचे रील्स यांविषयी चकार शब्द काढला, तरी ‘तुम्ही फार जजमेंटल आहात’ असे त्यांना ऐकावे लागते. दुसऱ्या बाजूला तिशी-पस्तिशीतली माणसे असतात. आपल्याच मनात सतत उमटणाऱ्या शेऱ्यांचा त्यांना कंटाळा आलेला असतो: कोणाच्या घरात पाऊल टाकले की पडद्यांना गुण द्यायचे, कोणी सहलीचे फोटो दाखवले की पॅकेज टूरला नाक मुरडायचे, कोणी लग्नाआधीच्या फोटोशूटचा व्हिडिओ पाठवला की खवचट ओळ जोडून तो मित्रांच्या गटात टाकायचा. दोघांचा प्रश्न मात्र शेवटी एकाच ठिकाणी येतो. चांगले काय आणि सुमार काय हे कळत असूनही गप्प बसायचे का, आणि गप्प बसायचे तर मग इतक्या वर्षांत कमावलेल्या अभिरुचीचे करायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत स्पष्टपणे दिसले ते एका तरुण स्त्रीबरोबरच्या बैठकांमध्ये. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, ती हकिकत येथे सांगते आहे. गाव मात्र बदललेले नाही, कारण ते बदलले तर हकिकतीत काही उरतच नाही.

या बाई पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या पदावर काम करत होत्या. नेसायच्या त्या फक्त हातमागाच्या साड्या, घरात मातीची आणि काशाची भांडी, भिंतीवर मोजकी चित्रे, आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाची हजेरी न चुकणारी. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितले, की त्यांना माणसांत मिसळता येईनासे झाले आहे. मैत्रिणी कमी झाल्या होत्या, कार्यालयातले लोक त्यांना जेवायला बोलावताना बिचकत होते. हे सारे त्या बऱ्याच अलिप्तपणे सांगत होत्या. आवाज बदलला तो इचलकरंजीच्या थोरल्या बहिणीचा विषय निघाल्यावर.

दिवाळीत त्या ताईकडे गेल्या होत्या. बैठकीच्या खोलीतल्या शोकेसच्या काचेवर त्यांना धुळीतली गोल वर्तुळे दिसली. तेथे काहीतरी बरीच वर्षे ठेवलेले असावे आणि नुकतेच उचललेले असावे, असे. त्यांनी सहज विचारले, तेव्हा भाचीने सरळ उत्तर दिले, “ती प्लास्टिकची फुलं ना? आईनं कपाटात ठेवलीत. तुला आवडत नाहीत म्हणून.” संध्याकाळी टीव्ही लागला नाही, आणि रोजची मालिका बुडाली याबद्दल घरात कोणी कुरकुरही केली नाही. मावशी येणार म्हणून सगळे घर परीक्षेला बसल्यासारखे आवरून ठेवलेले होते.

“मी कधी काही बोललेच नव्हते,” त्या मला म्हणाल्या. “एका शब्दानंही नाही.”

“बोलावं लागलं नसेल,” मी म्हणाले.

पुढच्या काही बैठका आम्ही शेऱ्यांचा माग काढण्यात घालवल्या. आठवडाभर मनात जे जे खटकले, ते त्या लिहून आणत. यादी वाचताना माझे लक्ष जे लिहिले होते त्यापेक्षा जे लिहिले नव्हते त्याकडे अधिक गेले. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या घरी त्या गणपतीला जाऊन आल्या होत्या. तेथे प्लास्टिकच्या माळा होत्या, लुकलुकणारे दिवे होते, आणि त्यांतले काहीही यादीत नव्हते. जोतिबाच्या यात्रेतल्या गुलालाचे आणि भडक फेट्यांचे फोटो तर त्या कौतुकाने दाखवत. मी विचारले, “मावशींच्या घरची प्लास्टिकची माळ चालते, ताईंच्या घरचं फूल का चालत नाही?”

त्यांनी तत्काळ काही कारणे दिली. ती हुशार माणसाची कारणे होती, म्हणजे ऐकायला पटणारी आणि उपयोगाला शून्य. मी तोच प्रश्न जरा वळवून पुन्हा विचारला: “ताईंच्या घरात बसलेल्या असताना तिथे आणखी कोणी आल्याचं तुम्हाला मनात दिसतं का?”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. अशा वेळी समुपदेशकाने बोलण्याचा मोह आवरायचा असतो, आणि हे मला जमते असे म्हणायला हरकत नाही. मग त्या म्हणाल्या, “वसतिगृहातल्या मुली.”

पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्याच वर्षी खोलीतल्या मुली त्यांच्या बोलण्याला हसल्या होत्या, खणाच्या झालरीच्या पिशवीला हसल्या होत्या, आणि त्यांच्या आवडत्या सिनेमाच्या गाण्याला तर फारच हसल्या होत्या. त्या मुली दुष्ट नव्हत्या. त्या वयात मुले हसतात तशाच हसल्या. पण या बाई मुळात अभ्यासू. त्यांनी हाही विषय अभ्यासाला घेतला आणि त्यात पहिल्या आल्या. कोणते कापड, कोणता राग, कोणता दिग्दर्शक, कोणती कॉफी हे सारे त्या मनापासून शिकल्या, आणि त्यातले बरेचसे त्यांना खरोखर आवडूही लागले.

“ताईकडे गेले की मला वाटतं, त्यांच्यापैकी कोणीतरी दारातून आत येईल आणि मला ओळखेल,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, मी काही विचारले नसताना: “मी सगळ्यांना सांगते की यंत्रमागाचं कापड म्हणजे कापडच नव्हे. माझे बाबा यंत्रमागावर जॉबर होते. आई घरी कांड्या भरायची. माझी फी त्याच्यावर भरली गेलीय.”

इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे सारे गावच त्या खडखडाटावर उभे राहिले. त्या गावातून आलेल्या मुलीने पुण्यात यंत्रमागाच्या कापडाची थट्टा करावी, यातला विरोधाभास मला आधीच दिसला होता हे कबूल करते. पण तो मी दाखवला असता तर तो माझा टोमणा ठरला असता. त्यांनी तो स्वतः उच्चारला, म्हणून तो उपयोगी पडला.

इतक्या वर्षांच्या कामातून माझे एक निरीक्षण पक्के झाले आहे. आपल्यापासून फार दूर असलेल्या माणसाच्या आवडीचा आपल्याला सहसा राग येत नाही; तिचे आपण कौतुक करतो, फोटो काढतो, तिला लोकसंस्कृती म्हणतो. राग येतो तो अगदी शेजारच्या पायरीचा, आणि त्यातही जी पायरी आपण नुकतीच सोडली तिचा. म्हणून चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्यांना चाळ बोचते, शास्त्रीय संगीत उशिरा ऐकू लागलेल्यांना भावगीत सोसत नाही, आणि नुकतेच ट्रेकिंग करू लागलेल्यांना हिलस्टेशनवर घोड्यावर बसणारी माणसे पाहवत नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये लोकांच्या आवडीनिवडींची मोठी सर्वेक्षणे केली आणि १९७९ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसे आपली अभिरुची बहुधा दुसऱ्याच्या अभिरुचीला नकार देऊन सिद्ध करतात, आणि या नकारांतून समाजातल्या पायऱ्या पक्क्या होतात, हे त्यांनी तेथे दाखवले आहे. त्यांनी ते समाजाविषयी लिहिले. माझ्या खोलीत ते एकेका माणसाच्या घशात अडकलेले दिसते. त्यामुळे अशी व्यक्ती माझ्यासमोर आली, की ती कोणाला हलके लेखते हे मी फारसे विचारत नाही. तिला कोणी ओळखू नये असे वाटते, हे विचारते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते, कारण हे सारे ऐकल्यावर पालक हमखास विचारतात, “म्हणजे सगळेच सारखे मानायचे का?” मुळीच नाही. मी ज्या विचारपद्धतीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडली, आणि ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय किशोर फडके यांचे आहे. तिच्यात एक भेद फार मोलाचा मानला जातो: गोष्टीचे मूल्यमापन करावे, माणसाचे करू नये, आणि इच्छा जरूर बाळगावी, तिचा हट्ट करू नये. मालिका रटाळ आहे हे मत झाले. मालिका पाहणारी सून सुमार बुद्धीची आहे, हा निकाल झाला, आणि या निकालाला पुरावा कोणताच नसतो. नातवाने चांगले गाणे ऐकावे ही इच्छा झाली. त्याने ते ऐकलेच पाहिजे, अन्यथा आमचे संस्कार वाया गेले, हा हट्ट झाला. इच्छा असलेला आजोबा नातवाला शेजारी बसवून गाणे ऐकवतो, हट्ट असलेला आजोबा नातवाचा फोन बंद करतो.

या दोहोंचा परिणाम किती वेगळा होतो याचे एक सार्वजनिक उदाहरण आपल्याकडे आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचे प्रेम खरे होते. त्या प्रेमातून आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि एरवी मैफलीपर्यंत कधीही पोहोचू न शकणाऱ्या असंख्य श्रोत्यांनी थोर कलावंतांना ऐकले. मात्र सिनेसंगीताविषयी त्यांच्या मनात तुच्छता होती, आणि त्यांच्याच कारकिर्दीत सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय करावे? त्यांनी शेजारच्या सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, रेडिओ सिलोन लावला. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारलाच ती गाणी परत आणावी लागली. प्रेमाने श्रोते मिळवले आणि तुच्छतेने ते सीमेपलीकडे धाडले. घरोघरीही याहून वेगळे घडत नाही, फक्त तेथे सिलोनऐवजी इयरफोन असतो.

एक खबरदारी येथे सांगितली पाहिजे. प्रत्येक आक्षेप हा तुच्छतेचाच असतो असे समजून तोंड मिटून घेऊ नये. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर शेजारी डीजे दणाणत असेल तर तक्रार करावी, तो आवडीचा प्रश्न नाही. लग्नासाठी मुलगा कर्ज काढत असेल तर त्याच्याशी हप्त्यांविषयी बोलावे. पण बोलताना हप्त्यांविषयीच बोलावे. ‘ही कसली थेरं’ असे म्हटले की हप्ता बाजूला राहतो आणि थेरांवर भांडण होते. नुकसान कोणाचे आणि किती, याला उत्तर देता येत असेल तर विषय नुकसानीचा आहे. उत्तर देता येत नसेल, आणि तरीही जीव चरफडत असेल, तर आपण आपल्याच पायरीवर अडखळलो आहोत.

आणि ज्यांच्या घरी अशी मावशी किंवा असा जावई येतो त्यांनी फुले कपाटात ठेवू नयेत. आपण वस्तू लपवल्या की समोरच्याचा न उच्चारलेला निकाल आपणच मान्य केलेला असतो.

त्या बाईंना मी ताईचे कौतुक करायला सांगितले नाही. खोटे कौतुक बहिणींना एका वाक्यात ओळखता येते. मी फक्त एवढे सांगितले, की भाचीसाठी खरेदी करायला दोघींनी जावे आणि ताई जे निवडेल त्यामागचे कारण विचारावे, उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाने विचारावे तसे. त्या परत आल्या तेव्हा उत्साहात होत्या. ताई सिंथेटिक साड्या का घेते हे त्यांना आता कळले होते: पावसाळ्यात सुती कपडा दोन दिवस वाळत नाही, इस्त्रीला सवड नाही, पहाटे पाचपासून ताई ओट्यापाशी उभी असते. “मी किती अन्याय केला तिच्यावर! तिला बिचारीला पर्यायच नव्हता,” त्या म्हणाल्या.

येथे अनेक जण थांबतात आणि आपण बदललो असे मानतात. मला ते ‘बिचारी’ खटकले. मी विचारले, “ताईंनी आणखी काही सांगितलं?”

त्या थोड्या घुटमळल्या. “म्हणाली, ‘आणि मला चमकणारं आवडतं की गं.’”

हे वाक्य त्यांनी मला सर्वांत शेवटी, तेही विचारल्यावर सांगितले होते. कष्टामुळे, पैशांमुळे, पावसामुळे केलेली निवड माफ करणे त्यांना सोपे गेले, कारण माफ करणारा वरच राहतो. ताईला चमकणारे कापड आवडते, आणि पर्याय असता तरी तिने तेच घेतले असते, हे ऐकून घेणे मात्र त्यांना जड गेले. पुढच्या दोन बैठका आम्ही या एका वाक्यावर काढल्या, आणि माझ्या मते खरे काम तेथेच झाले.

शेवटच्या भेटीत त्या हसत आल्या. आदल्या रविवारी ताई पहिल्यांदाच पुण्यात चार दिवस राहून गेली होती. निघताना तिने धाकट्या बहिणीच्या नीळ घातलेल्या, जाडसर हातमागाच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून म्हटले होते, “रागावणार न्हाईस तर सांगते. ही साडी मला धुतलेल्या पोत्यागत दिसती. इतकी वर्षं बोलले न्हाई.”

त्या रागावल्या नव्हत्या. पुढची तारीख आम्ही ठरवली नाही.